रोममधला हिंदुस्थान

मराठी भाषेने 'चाळिशी' हा एकच शब्द दोन गोष्टींना दिला आहे. एक ते वय आणि दुसरा त्या वयात नाकावर चढणारा चष्मा. दूरचे झाड स्पष्ट दिसते, पण हातातल्या प्रार्थनापुस्तकातील अक्षरे धूसर होतात. आपल्या पूर्वजांनी हे नाव डोळ्यांपुरतेच ठेवले असेल. परंतु आम्हांस ते मनालाही तितकेच लागू पडते असे वाटते. ह्या वयात दूरचे सारे दिसू लागते. मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, घराचे कर्ज, वृद्ध आईवडिलांची आजारपणे, आपले स्वतःचे म्हातारपण. दिसेनासा होतो तो जवळचा माणूस. शेजारचा बालमित्र, वर्गातली मैत्रीण, एवढेच काय, एका ताटात जेवणारा जोडीदारही.

आमच्या धर्मग्रामात तरुणांची संघटना आहे, लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, ज्येष्ठांसाठीही मेळावे होतात. मधल्या वयाच्या माणसांचे मात्र काय? ती वर्गणी देतात, सणाला मांडव घालतात, मुलांना वर्गाला सोडून येतात. जुने मित्र भेटतात ते लग्नात, नाहीतर मयतीला. "एकदा निवांत बसू या," असे एकमेकांना सांगून ती आपापल्या वाटेने निघून जातात आणि पुढची भेट पुन्हा दफनभूमीच्या फाटकापाशीच होते. 'आता आपले काय राहिले?' हे वाक्य पंचेचाळिशीच्या माणसाच्या तोंडी सहज येते. त्यातही आपण भाविक माणसे. ह्या वयात हसणे-खिदळणे, गाणे, सहलीला जाणे, नवीन काही शिकणे हे प्रौढपणाला शोभत नाही, किंबहुना भक्तीलाही शोभत नाही, असा एक समज आपल्या मनात घर करून बसलेला असतो.

हा समज ख्रिस्तसभेच्या इतिहासाला मान्य आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना सोळाव्या शतकातील रोम शहरात घेऊन जाणार आहोत. तिथल्या एका लहानशा खोलीत एक चाळिशीतला माणूस आपल्या पलंगावर बसला आहे आणि त्याच्याभोवती दाटीवाटीने त्याचे मित्र बसले आहेत. त्या माणसाचे नाव फिलिप नेरी. त्या खोलीचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. तो पुढे ओघाने येईल.

पस्तिशीपर्यंतचा 'रिकामा' माणूस

फिलिप नेरी ह्यांचा जन्म १५१५ च्या जुलै महिन्यात फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील फ्रान्चेस्को हे दस्तऐवज लिहिणारे नोटरी होते. किमयेच्या नादात त्यांचा पैसा बराच गेला. आई लवकर वारली. स्वभावाने गोड असलेल्या ह्या मुलाला शेजारपाजारचे लोक 'भला पिप्पो' म्हणत. सान मार्कोच्या डॉमिनिकन मठवासीयांकडून त्याने धर्माचे धडे घेतले. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याला माँटे कसिनोच्या पायथ्याशी असलेल्या सान जेर्मानो गावी एका सधन नातेवाइकाकडे पाठविण्यात आले. व्यापार शिकावा आणि पुढे ती मालमत्ता त्यालाच मिळावी, असा बेत होता. मुलाने थोड्याच दिवसांत तो बेत मोडला आणि रिकाम्या खिशाने रोमची वाट धरली.

रोममध्ये गालेओत्तो काच्चा नावाच्या, जकात खात्यातील एका फ्लॉरेन्सवासी गृहस्थाने त्याला राहायला जागा दिली. त्याबदल्यात फिलिप त्यांच्या दोन मुलांना शिकवीत असे. काही काळ त्याने तत्त्वज्ञानाचा व धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि मग तोही सोडून पुस्तके विकून टाकली. त्यानंतरची वर्षे तो रोमच्या रस्त्यांवरून हिंडत राहिला. दिवसा इस्पितळांत रुग्णांची शुश्रूषा करी, बाजारात आणि पेढ्यांवर उभ्या असलेल्या तरुणांशी गप्पा मारी, रात्री सान सेबास्तियानोच्या भुयारी दफनभूमीत जाऊन प्रार्थना करी. १५४४ च्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास तिथेच त्याला देवाच्या प्रीतीचा असा विलक्षण अनुभव आला की त्यानंतर आयुष्यभर प्रार्थनेच्या वेळी त्याच्या छातीची धडधड शेजारच्याला जाणवत असे.

आपल्याकडे असा मुलगा असता तर आपण काय म्हटले असते? तिशी उलटली, ना नोकरी, ना धंदा, ना लग्न, ना मठ. रोममध्येही काही वेगळे म्हणत नसावेत. १५४८ मध्ये पेर्सियानो रोझा ह्या आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या साहाय्याने फिलिपने परमपवित्र त्रैक्याच्या नावाने एक मंडळ सुरू केले. रोमला येणाऱ्या गरीब यात्रेकरूंना निवारा द्यायचा, त्यांचे पाय धुवायचे, जेवू घालायचे, आजारातून उठलेल्यांची काळजी घ्यायची, हे त्या मंडळाचे काम. १५५० हे जयंती वर्ष होते. यात्रेकरूंची रीघ लागली आणि मंडळाच्या सेवेचा खरा कस लागला. तोपर्यंत फिलिप प्रापंचिकच होते. धर्मगुरू होण्याची आपली पात्रता नाही असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. रोझा ह्यांच्या आग्रहाखातर त्यांनी अखेर मान तुकविली आणि २३ मे १५५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ज्या वयात माणूस 'आता जे झाले तेवढेच' असे म्हणू लागतो, त्या वयात ह्या माणसाच्या आयुष्याला सुरुवात झाली.

पलंगावरची बैठक

गुरुदीक्षेनंतर फिलिप सान जिरोलामो देल्ला कारिता येथे राहू लागले. तिथे त्यांच्या वाट्याला आली एक लहानशी खोली. ते सकाळभर पापनिवेदन ऐकत. दुपारी जेवणानंतरचा वेळ मात्र त्यांच्या मनाला खटके. त्या सुस्त, रिकाम्या वेळेत माणसे भलत्या वाटेला लागतात, हे त्यांनी रस्त्यावर पाहिले होते. म्हणून दुपारी माझ्या खोलीवर या, असे ते आपल्याकडे पापनिवेदनास येणाऱ्यांना सांगू लागले. प्रथम चारसहा जण आले. खुर्च्या नव्हत्याच, फिलिप पलंगावर बसत, बाकीचे मिळेल तिथे. एखादे पुस्तक वाचायचे, त्यावर ज्याला जे सुचेल ते त्याने साध्या शब्दांत बोलायचे, थोडी प्रार्थना करायची आणि मग पाय मोकळे करायला सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे. उन्हे कलेपर्यंत कुठल्यातरी चर्चमध्ये किंवा मोकळ्या मैदानावर ही मंडळी रमत.

ही मंडळी कोण होती? पेढीवरचा रोखपाल, सोनार, शिंपी, वैद्य, गवई, सरदारघराण्यातील दरबारी. एरवी एकमेकांच्या उंबरठ्यावर न चढणारी ही माणसे त्या खोलीत खांद्याला खांदा लावून बसत. पुढे खोली अपुरी पडू लागली, तेव्हा १५५८ च्या सुमारास चर्चच्या माथ्यावरील माळ्यावर बैठक हलविण्यात आली. लॅटिन भाषेत प्रार्थना करणे ह्याला 'ओरारे' म्हणतात, त्यावरून ह्या प्रार्थनास्थळाला आणि पुढे त्या मेळ्यालाच 'ओरॅटरी' हे नाव पडले. मोदियो नावाचे वैद्य तिथे संतांची चरित्रे सांगत. प्रापंचिक माणसाने धर्माविषयी चारचौघांत बोलणे ही त्या काळी मोठी नवलाची गोष्ट होती. सेंट पीटर महामंदिराच्या गायकवृंदाचे प्रमुख जोव्हान्नी अनिमुच्चा हे ह्याच मेळ्यातले. ह्या बैठकींसाठी त्यांनी स्वरबद्ध केलेल्या स्तुतिगीतांचे पहिले पुस्तक १५६३ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संगीतात 'ओरॅटोरिओ' ह्या नावाने ओळखला जाणारा मोठा गायनप्रकार ह्याच दुपारच्या बैठकींवरून नाव घेऊन पुढे आला. पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या मध्यमवयीन माणसांच्या विरंगुळ्यातून जगाच्या संगीतात एवढी भर पडली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळच्या रीतीप्रमाणे खोलीतील ही बैठक पुरुषांचीच होती. ज्या स्त्रिया फिलिपकडे पापनिवेदनास येत, त्यांना त्या गप्पांत स्थान नव्हते. ती मर्यादा त्या काळाची म्हणून आपण समजून घेऊ. ती आपण चालू ठेवण्याचे मात्र कारण नाही.

सात महामंदिरे आणि उकडलेले अंडे

प्रायश्चित्तकाळापूर्वीचे कार्निव्हलचे दिवस रोममध्ये बेफाम असत. गोव्याकडील वाचकांना इंत्रूजची कल्पना आहेच. अशा दिवसांत माणसांना नुसता उपदेश करून घरी बसविता येत नाही, हे फिलिप ओळखून होते. त्यांनी रोममधील सात प्रमुख चर्चच्या पायी यात्रेची जुनी प्रथा नव्याने सुरू केली. सेंट पीटर, सेंट पॉल, सेंट सेबास्तियन, सेंट जॉन लॅटरन, पवित्र क्रूस, सेंट लॉरेन्स आणि सांता मारिया माज्जोरे ही ती सात मंदिरे. सुमारे वीस किलोमीटरांची ही वाटचाल. वाटेत गाणी, वाद्ये, प्रार्थना, प्रवचन. मध्यान्हीच्या सुमारास सेलियन टेकडीवरील मात्तेई घराण्याच्या बागेत सगळे हिरवळीवर बसत. पाव, अंडे, चीज, फळ आणि थोडा द्राक्षारस असे जेवण प्रत्येकाला मिळे. सरदार आणि शिंपी एकाच गवतावर बसून अंडे सोलीत. सुरुवातीला मूठभर असलेले हे यात्रेकरू पुढे हजाराच्या घरात गेले.

हसत-गात जाणारी ही यात्रा सर्वांनाच रुचली असे मात्र नाही. तो काळ विलक्षण कडक होता. युरोपात ख्रिस्तसभेची शकले झाली होती, ट्रेंटची धर्मपरिषद सुरू होती आणि पोप पॉल चौथे ह्यांच्या कारकिर्दीत संशयाचे वातावरण दाटले होते. त्यांनीच १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फिलिपवर आरोप आला की हा माणूस नवनवी थेरे काढतो, भोवती टोळी जमवितो, मोठेपणा मिरवितो. रोमच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून खडसावले, काही दिवस पापनिवेदन ऐकण्यास मनाई केली आणि लोकांना जमवून यात्रेस नेण्यास बंदी केली. फिलिपनी निमूटपणे आज्ञा पाळली. मित्रांनाही त्यांनी माझ्यामागून येऊ नका असे सांगितले. पण मित्र ते मित्र, दुरून का होईना, मागे येतच राहिले. चौकशीअंती बंदी उठली. पुढे पोप पायस पाचवे ह्यांच्या काळातही पुन्हा संशय आला. दोन डॉमिनिकन धर्मगुरूंना गुपचूप प्रवचने ऐकण्यास पाठविण्यात आले. त्यांनी दिलेला अहवाल फिलिपच्याच बाजूने निघाला.

ज्यांना मैत्री आणि मौज ह्या स्वस्त गोष्टी वाटतात, त्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा. फिलिपना त्यांची किंमत मोजावी लागली. गंभीर चेहऱ्याने आणि एकट्याने धर्म आचरला असता तर त्यांच्यावर कोणी बोट ठेवले नसते.

झेवियर ह्यांची पत्रे

आता आपल्या किनाऱ्याचा संबंध. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून जहाजात चढले. तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढील दहा वर्षांत त्यांचे पाय गोवा, केरळ, तामिळनाडूचा मच्छीमार किनारा, आमची वसई, मलाक्का आणि जपान एवढ्या भूमीला लागले. हिंदुस्थानातून त्यांनी धाडलेली पत्रे युरोपात हातोहात वाचली जात. त्यांतील एक १५४५ मध्ये पॅरिसला छापलेही गेले. १५५२ च्या डिसेंबरमध्ये चीनच्या दाराशी एका बेटावर झेवियर ह्यांनी देह ठेवला, तरी त्यांची पत्रे बोलतच राहिली.

ही पत्रे फिलिपच्या खोलीतील दुपारच्या बैठकींतही वाचली जात. ऐकता ऐकता मंडळी भारून गेली. १५५७ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या बेचाळिशीत, फिलिपनी ठरविले की आपणही हिंदुस्थानात जायचे. सुमारे वीस मित्र बरोबर निघण्यास तयार झाले. निर्णयापूर्वी सल्ला घ्यावा म्हणून ते रोमबाहेरील त्रे फोंताने मठातील एका सिस्टर्शियन साधूंकडे गेले. काही काळाने त्या साधूंचे उत्तर आले: तुमचा हिंदुस्थान रोममध्येच आहे.

हे उत्तर ऐकताना त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मनात काय झाले असेल? नवा देश, नवी माणसे, हौतात्म्याचा मान, सारे हाताशी आलेले निसटले. आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यात असा क्षण येऊन गेलेला असतो. आखातातील नोकरीचे कागद परत येतात, बोटीवर जायचे वय निघून जाते, आजारी वडिलांमुळे गाव सोडता येत नाही. मग माणूस राहतो, पण रुसून राहतो. फिलिप रुसले नाहीत. त्याच गल्ल्या, तेच बाजार, तीच इस्पितळे. परंतु दूरच्या देशात उतरलेला माणूस ज्या कुतूहलाने प्रत्येक चेहऱ्याकडे पाहतो, त्या कुतूहलाने ते रोमकडे पाहू लागले. उरलेली अडतीस वर्षे त्यांनी त्या एका शहरात काढली आणि लोकांनी त्यांना रोमचा प्रेषित म्हटले. नवा अनुभव घेण्यासाठी प्रत्येक वेळी नवा देश लागत नाही. जवळचे दिसावे लागते.

थट्टा कशासाठी?

फिलिपच्या विनोदाच्या अनेक गोष्टी चरित्रकारांनी नोंदविल्या आहेत. अर्धी दाढी काढून, अर्धी तशीच ठेवून ते चारचौघांत आले. फ्लॉरेन्सकडील पियोव्हानो आर्लोत्तो ह्या विनोदी धर्मगुरूच्या चुटक्यांचे पुस्तक त्यांना अतिशय प्रिय होते. मोठे पाहुणे दर्शनास आले की ते पुस्तक वाचायला लावीत, म्हणजे पाहुण्यांनी संत पाहिल्याचा गाजावाजा करू नये. लोक आपल्याला पवित्र मानू लागले आहेत हे त्यांना कळत होते आणि त्या मोठेपणाची हवा काढून घेण्याचा हा त्यांचा उपाय होता.

मित्रांचीही अशीच थट्टा चाले. सोरा गावाहून आलेला चेझारे बरोनियो हा तरुण वकिलीचे शिक्षण घेत होता. मोठा अभ्यासू आणि तितकाच गंभीर. बोलायला उभा राहिला की मृत्यू आणि नरक ह्यांखेरीज त्याला विषय सुचत नसे. फिलिपनी एकदा त्याला एका लग्नात पश्चात्तापाचे स्तोत्र म्हणायला लावले. भल्या मोठ्या बाटल्या देऊन घोटभर द्राक्षारस विकत आणायला धाडले, तेव्हा दुकानदारांनी त्याची यथेच्छ हजेरी घेतली. पण त्याच फिलिपनी बरोनियोची बुद्धी ओळखली आणि नरक सोडून ख्रिस्तसभेचा इतिहास सांगण्याचे काम त्याच्यावर सोपविले. तीसएक वर्षांत बरोनियोने तो इतिहास बैठकीत सात वेळा आरंभापासून सांगितला. त्यातून ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे बारा खंड सिद्ध झाले. पहिला खंड १५८८ मध्ये निघाला, तेव्हा बरोनियो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. बारावा १६०७ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी. एवढा विद्वान, पण मंडळात स्वयंपाकाची पाळी त्याच्यावरच वारंवार येई. त्याने स्वयंपाकघराच्या धुराड्यावर 'बरोनियो, कायमचा आचारी' असे लिहून ठेवले होते. १५९६ मध्ये हा आचारी कार्डिनल झाला. आपल्यातील गुण मित्राला आधी दिसतो आणि आपला अहंकारही मित्रालाच आधी दिसतो. दोन्हींवर इलाज करणारा मित्र लाभणे हे भाग्य होय.

फेलिक्स ह्यांची आणि त्यांची मैत्री तर ऐकण्यासारखी आहे. कान्तालिचे गावचा हा शेतमजूर कापुचिन मठात बंधू झाला होता आणि सुमारे चाळीस वर्षे रोमच्या रस्त्यांवर मठासाठी पावाची भिक्षा मागत होता. तोही १५१५ सालचाच, म्हणजे दोघे एकाच वयाचे. एक शिकलेला, एक निरक्षर. रस्त्यात गाठ पडली की हे दोघे एकमेकांना हौतात्म्याचे आशीर्वाद देत. कोणी दुसऱ्याला फासावर जाण्याचा, तर कोणी जाळले जाण्याचा! एकदा फेलिक्सनी आपल्या खांद्यावरील द्राक्षारसाचा बुधला पुढे केला आणि फिलिप भर रस्त्यात तोंड लावून प्याले. मग फिलिपनी आपली टोपी फेलिक्सच्या डोक्यावर चढविली. भोवती बघ्यांची गर्दी हसत होती. दोघेही पुढे संत झाले.

१५ जुलै १५७५ रोजी पोप ग्रेगरी तेरावे ह्यांनी ओरॅटरीच्या संघाला मान्यता दिली आणि सांता मारिया इन व्हाल्लिचेल्ला हे जुने चर्च त्याच्या हवाली केले. फिलिप तेव्हा साठीला आले होते. ते चर्च पाडून नवे बांधण्यात आले. रोमचे लोक आजही त्याला 'नवे चर्च' म्हणतात. स्वतः फिलिप मात्र आपली जुनी खोली सोडून तिथे राहायला गेले ते १५८३ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. सांगतात की त्यांचे मांजर जुन्या घरीच राहिले आणि त्याला खाऊ घालण्यासाठी ते मित्रांपैकी कोणाला तरी नित्य तिकडे पाठवीत. २५ मे १५९५ रोजी, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशी, त्यांनी नेहमीप्रमाणे पापनिवेदने ऐकली, भेटीला आलेल्यांशी गप्पा मारल्या. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, ते गेले.

पत्रांचे उत्तर

१२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे ह्यांनी पाच जणांना एकत्र संतपद बहाल केले. इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाच्या तेरेजा, शेतकरी इसिदोर आणि फिलिप नेरी. पोपसाहेबांनी आज चार स्पॅनिश माणसांना आणि एका संताला वेदीचा मान दिला, असे रोमचे लोक थट्टेने म्हणू लागले. आम्हांस मात्र त्या दिवसात दुसरेच काही दिसते. ज्याने हिंदुस्थानातून पत्रे लिहिली तो आणि ती ऐकून ज्याचा जीव हिंदुस्थानाकडे ओढला गेला तो, असे दोघे एकाच दिवशी संतांच्या मालिकेत आले.

गोष्ट येथेही संपत नाही. फिलिप हिंदुस्थानात आले नाहीत, पण त्यांची खोली आली. सतराव्या शतकातील गोव्यात युरोपीय संघांची दारे स्थानिक धर्मगुरूंना सहसा बंद असत. तेव्हा काही गोवेकर धर्मगुरूंनी जुन्या गोव्यातील चमत्कारी पवित्र क्रूसाच्या चर्चपाशी एकत्र राहण्यास सुरुवात केली. १६८५ मध्ये बाणावलीचे फादर जोसेफ वाझ त्यांना येऊन मिळाले आणि प्रमुख निवडले गेले. ह्या मित्रमंडळाला नियमावली हवी होती. त्यांनी निवडली ती फिलिप नेरींच्या ओरॅटरीची. कारण तीत व्रतांच्या बेड्या नसून एकमेकांवरील प्रेमाचा बंध पुरेसा मानला होता. पुढे १६८७ मध्ये, छत्तिशीच्या सुमारास, फादर वाझ छुप्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण डच सत्तेने तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १७११ मध्ये कँडी येथे मृत्यू येईपर्यंत ते तिथेच राबले. मागोमाग गोव्याच्या ओरॅटरीतून एकेक सोबती जात राहिला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. रोममधील पलंगावरच्या बैठकीतून निघालेली वाट अशी आपल्या किनाऱ्यावरून पुढे गेली.

इंग्लंडमध्येही असेच घडले. जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी १८४५ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कॅथलिक धर्म स्वीकारला, तेव्हा ऑक्सफर्डमधील अनेक जिवलगांशी त्यांची ताटातूट झाली. नव्या आयुष्यासाठी त्यांनी फिलिप नेरींचाच आधार घेतला आणि १८४८ मध्ये इंग्लंडमधील पहिली ओरॅटरी स्थापन केली. वीस वर्षांनी दुरावलेले मित्र परत भेटले. १८६५ मध्ये दोघा जुन्या मित्रांनी त्यांना एक व्हायोलिन भेट दिले आणि चौसष्ट वर्षांचा तो विद्वान तरुणपणी सुटलेले वाद्य पुन्हा वाजवू लागला. २०१९ मध्ये त्यांनाही संतपद मिळाले.

आपल्या ओट्यावर

वाचकहो, फिलिप नेरींचे जीवन आम्ही येथे सांगितले ते संतचरित्राचे पुण्य पदरी पडावे एवढ्यासाठी नव्हे. आपल्या पूर्वजांकडेही अशी एक बैठक होती. संध्याकाळी वाडीतून परत आल्यावर ओट्यावर माणसे जमत. पानसुपारी चाले, रोझरी होई, मग गाणी आणि थट्टामस्करी. बायका भात सडताना, पापड लाटताना जन्माच्या मैत्रिणी होत. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला शेजारपाजार मिळून जाई. ओटे गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या आणि दारे बंद झाली. इमारतींना दोष देऊन भागणार नाही. फिलिपपाशी ओटा नव्हता, एक खोली होती. खुर्च्या नव्हत्या, पलंग होता.

त्यांच्याजवळ होती ती एक साधी श्रद्धा. माणसे एकत्र बसली, काही चांगले वाचले, थोडे गायिले, थोडे हसले, मिळून चालायला गेले, तर देव तिथे येऊन बसतो. काना गावच्या लग्नात जो पाहुणा म्हणून आला होता, तो आपल्या हसण्याला का नाकारील? ही मौज कर्तव्यापासून पळवाट नव्हती. त्याच मित्रांनी यात्रेकरूंचे पाय धुतले, इस्पितळातील घाण काढली. एकट्याने ते काम वर्षानुवर्षे झाले नसते. हसणाऱ्या सोबतीने झाले.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. पंचेचाळिशीच्या, पन्नाशीच्या स्त्री-पुरुषांनी महिन्यातून एक रविवारची दुपार एकमेकांसाठी ठेवावी. पतीने ती दुपार पत्नीलाही मोकळी करून द्यावी. तिची चाळिशी आपल्यापेक्षा अधिक ओझ्याची असते. एखादे पुस्तक आणावे, कोणाच्या माळ्यावर धूळ खात पडलेले व्हायोलिन उतरवावे, शेजारच्या धर्मग्रामातील चर्चपर्यंत पायी जाऊन यावे. पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी असावीत. ज्याच्याशी पंधरा वर्षे नीट बोलणे झालेले नाही त्या मित्राला प्रथम बोलवावे.

फिलिपना हिंदुस्थान रोमच्या गल्लीत सापडला. आपलाही तो शेजारच्या दाराआड असण्याचा संभव आहे. चाळिशी नाकावर चढवून, जरा जवळून पाहू या.